खेळायच्या बाई आणि अलिबागची गाडी

पेणच्या भाजीबाजारात माझं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण ‘खेळायच्या बाई कुठं बसतात?’ असं विचारा, कुणीही गणपतीच्या कारखान्याशेजारचा जिना दाखवील. एकदा मेथी निवडून घेताना भाजीवाली मला म्हणाली, “बाई, तुमचं बरं हाय. आमी सकालपास्नं टोपल्या उचलायच्या नि तुमी पोरांसंगं खेलायचं.”

“खरंय,” मी म्हटलं, “फक्त हरायचं कसं याचा अभ्यास करावा लागतो.”

तिनं एक जुडी वर दिली. बहुतेक कीव आली असावी.

माझं काम लहान स्वमग्न मुलांबरोबरचं. दीड-दोन वर्षांच्या बाळापासून ते पहिलीत जायच्या बेतातल्या मुलापर्यंत. हाक मारली तर वळत नाही, बोट करून काही दाखवत नाही, दोनचार शब्द आले होते ते गेले, गाडी उलटी करून नुसतं चाकच फिरवत बसतो, मिक्सर लावला की कान दाबून पळतो, असं काही ना काही घेऊन आईबाप येतात. ‘स्वमग्न’ हा शब्द कुणी काढला कोण जाणे, माझं त्याच्याशी कधी पटलं नाही. स्वतःत मग्न म्हणे! ही मुलं स्वतःला सोडून बाकी सगळ्यात मग्न असतात. पंख्याच्या पात्यात, भिंतीवरच्या कवडशात, तीन घरं पलीकडच्या पंपाच्या घरघरीत. त्यांना इतकं काही ऐकू येत असतं की आपली हाक त्या गलक्यात सापडत नाही. हा रोग नाही, म्हणून त्यावर गोळी नाही. घडण वेगळी आहे, एवढंच. मूल लहान असतानाच त्याच्या जगात शिरायचं, तिथून आपल्या जगापर्यंत एक पायवाट पाडायची आणि आईबापांना त्या वाटेनं ये-जा करायला शिकवायचं, हे आमचं काम.

मी राहते रोह्याला. आठवड्यातले निम्मे दिवस तिथंच, एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसते. उरलेले निम्मे दिवस पेणला. रोह्यात एक बाप आला होता, कंपनीत फिटर. माझी खोली बघून त्याचा चेहरा पडला. चटई, चेंडू, चार डबे, एक जुनी चादर.

“मशीन कुठंय?” त्यानं विचारलं.

“मीच.”

“म्हणजे सगळं हातानंच करता?”

त्या क्षणी मला आपण पाट्यावर वाटण वाटणाऱ्या बाईसारखं वाटलं. पण खरंच हातानंच करते. चादरीत मुलाला ठेवून आईबापांनी दोन टोकं धरून झोका द्यायचा. चारदा द्यायचा आणि मध्येच थांबायचं. थांबलं की मूल बघतं, ‘का थांबलात?’ ती नजर म्हणजे आमची कमाई. गाणं म्हणायचं आणि शेवटचा शब्द गिळून बसायचं. रोह्याकडचे कडवे वाल भिजवून, मोड आणून, समोरासमोर बसून सोलायचे. चिमटीत धरला की वाल सालातून टुणकन उडतो आणि रडकं पोरही हसतं. बोटांना ताकद येते, ‘आता तू, आता मी’ कळतं आणि वर संध्याकाळी बिरडं होतं. कुठल्या मशीनमधून बिरडं निघतं?

या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम मात्र गप्प बसण्याचं आहे. मूल उत्तर देईल म्हणून आपण थांबतो ना, ते थांबणं कुणालाच जमत नाही. आजी मध्ये बोलते, काका चुटकी वाजवतो, बाप म्हणतो, “सांग ना मॅडमला!” मी बोटानं त्यांना गप्प करते. माझं अर्धं आयुष्य मोठ्या माणसांना गप्प करण्यात गेलं.

आरू माझ्याकडे आली ती साडेतीन वर्षांची असताना. नाव आराध्या; घरी आरू. वडखळच्या पुढं, अलिबागच्या रस्त्याला, खाडीकाठचं गाव. बाप कंपनीत शिफ्टला, म्हणून बरोबर आई प्रणाली आणि आजोबा हसुराम. आजोबांचा जन्म मिठागरात गेलेला. पायांची कातडी अशी, की चपला कशाला घालतात असं वाटावं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत ‘ऑटिझम’ असं निदान लिहून दिलं होतं. ते आजोबांना पटलेलं नव्हतं.

“बाई, ते आटो-आटो काय बोलतान ते आमाला नाय समजला. आटो म्हनजे रिक्षा. पोरीला रिक्षा कशी व्हईल?”

“बाबा, गप बसा वाईच,” प्रणाली म्हणाली.

“मी गपच हाय. मी पन लय उशिरा बोललो व्हतो. आमच्या घरान्यातच हाय ते.”

“आणि आता थांबतात कुठं!” प्रणालीनं मला हळूच सांगितलं.

तोवर आरू खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. दोन शेंड्या, पिवळा फ्रॉक. मी चटईवरून सरकत सरकत जरा जवळ गेले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण खणखणीत आवाजात, नाकातून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

“प्रवाशांनी. खिसेकापूंपासून. सावध. राहावे.”

इतक्या वर्षांत माझं बरंच स्वागत झालंय. चावून, थुंकून, पळून. असं कधी झालं नव्हतं.

प्रणाली लाजेनं अर्धी झाली. “मॅडम, सॉरी हां. ही बोलते, पण ते बोलणं नाय. स्टँडवरचं सगळं पाठ हाय तिला. दवाखान्याच्या फेऱ्या मारताना आम्ही तासन्‌तास बसायचो ना तिथं. तेच म्हणते दिवसभर. पाणी मागत नाय, जेवण मागत नाय. मला आई म्हणत नाय.” शेवटचं वाक्य तिनं खिडकीकडे बघून म्हटलं.

ऐकलेलं जसंच्या तसं म्हणत राहायचं, ही सवय अशा बऱ्याच मुलांना असते. पूर्वी आमच्या क्षेत्रात ती मोडून काढा म्हणत. आता आम्हाला निराळं कळलंय. आपण एकेक शब्द जोडून वाक्य करतो. काही मुलं अख्खं वाक्य एकदम उचलतात आणि मग सावकाश त्याचे तुकडे करतात. त्या अख्ख्या वाक्याला त्यांच्या लेखी अर्थ असतो. तो आपण शोधायचा.

मी प्रणालीला म्हटलं, “ती काय म्हणते यापेक्षा कधी म्हणते ते बघूया.”

आणि आम्ही दोघी गुप्तहेर झालो. प्रणाली हुशार होती, शिवाय तिला या कामात गंमत वाटू लागली. पुढच्या वेळी ती जिन्यावरूनच सांगत आली, “मॅडम, खिसेकापू म्हणजे परका माणूस! काल वीजबिलवाला आला मीटर बघायला, ही दारात उभी राहून तेच बोलली. तो बिचारा निघून गेला.”

मग हळूहळू उलगडत गेलं. हाताला काही चिकट लागलं, चड्डी ओली झाली, की ‘बसस्थानक आपले आहे, ते स्वच्छ ठेवावे.’ कंटाळा आला, गर्दी झाली, इथून जायचं असलं, की ‘अलिबागला जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.’ माझ्या तासाला हे वाक्य वारंवार यायचं. मनाला लावून घेतलं नाही.

मुलाच्या भाषेत आपण शिरायचं, हा आमचा पहिला नियम. तेव्हा मीही घोषणा सुरू केल्या. नाकातून, सुटं सुटं. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. लाल चेंडू घेऊन येणारी गाडी. आरूजवळ. लागत आहे.” आणि चेंडू सोडायचा. पहिल्यांदा असं केलं तेव्हा आरूनं मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं. परदेशात भटकताना अचानक कुणी मराठी बोललं की माणूस बघेल, तसं. चेंडू तिच्या पायाला लागून थांबला. तिनं तो उचलला आणि माझ्याकडे लोटला.

खाली गणपतीच्या कारखान्यात रंगकाम चालायचं. कारखान्याचे मालक एकदा जिना चढून वर आले, हातात ब्रश तसाच.

“बाई, वर डेपो काढलात काय? आमची पोरं विचारतायत, अलिबागची कितीला हाय?”

घरीसुद्धा हेच चाललं. प्रणाली भात वाढताना घोषणा करायची. शिफ्टवरून आलेला बाप दारात उभा राहून म्हणायचा, “कंपनीतून येणारे पप्पा फलाटावर लागत आहेत.” आजोबांना आधी हा सगळा पोरखेळ वाटला. पण नातीनं आपल्याकडे बघावं हा मोह कुणाला सुटलाय? तेही लागले. त्यांच्या तोंडी त्या घोषणेचं जे काही व्हायचं ते ऐकून आरू खुदकन हसायची, इतकं ते चूक असायचं.

काही महिन्यांनी एके दुपारी आरूनं चटईवरून उठून दार गाठलं आणि म्हणाली, “घरी जाणारी. आरू. सुटण्याच्या तयारीत आहे.”

प्रणालीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. हे कुठल्याही स्टँडवर कधी कुणी म्हटलेलं नव्हतं. हे आरूचं स्वतःचं वाक्य होतं. अलिबाग जाऊन घर आलं होतं, गाडी जाऊन ती आली होती. मी तास तिथंच थांबवला. मागितलं की मिळतं, हे कळायला हवं असेल तर मागितल्यावर द्यायला नको?

प्रणाली खूष होती, पण जिना उतरताना म्हणालीच, “घर आलं, आरू आली. आई कधी येणार, मॅडम?”

या प्रश्नाला मी कधी तारीख दिलेली नाही. देता येत नाही. “येईल” असं म्हणतानाही माझी जीभ अडखळते, कारण काही मुलांची येत नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती आरूला घेऊन गेली.

आता त्या दिवसाचं सांगते.

गणपती तोंडावर आले होते. पेणमध्ये त्या दिवसांत रस्ता कुठला आणि टेम्पो कुठला ते कळत नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मूर्ती भरून गाड्या उभ्या, मध्येच मुंबईची गिऱ्हाईकं, ढोलवाले, गुलाल. आरूचा तास संपला. तासात तिनं दोनतीनदा अलिबागच्या गाडीची घोषणा केली होती. मी म्हटलं होतं, “हो, थोड्या वेळानं घरी.” जिन्याच्या खाली प्रणाली चपलेचा पट्टा लावायला वाकली आणि सरळ झाली तोवर आरू नव्हती.

ही मुलं पळतात. घाबरून नाही, खोडीनंही नाही. मनात एक जागा असते आणि पाय तिकडे जातात. हाक मारून थांबत नाहीत. आणि त्यांना पाण्याची फार ओढ असते. आमच्या कामातल्या प्रत्येकाच्या मनात एक तरी विहीर, एक तरी तळं कायमचं बसलेलं असतं. भोगावती पावसाची भरून वाहत होती. मी सरळ नदीकडे धावले. चपला कुठं पडल्या आठवत नाही. कारखान्यातले रंगारी ब्रश टाकून चारी दिशांना पळाले, एकाच्या अंगठ्यावर सोनेरी रंग होता, तो अंगठा वर करून तो लोकांना विचारत होता, “पिवला फ्रॉक, दोन शेंड्या, बघितलीव का?”

काठावर कुणी नव्हतं. पाण्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं आणि नजर हलत नव्हती. तेवढ्यात मागून प्रणाली धापा टाकत आली.

“मॅडम, नदी नाय! स्टँड!”

“कशावरून?”

“आज ती ‘अलिबागला जाणारी गाडी’ बोलली. ‘घरी जाणारी आरू’ नाय बोलली. तिला आज गाडीच पायजे!”

इतके महिने मी सगळ्यांना शिकवत होते, की तिच्या बोलण्यातली गाडी म्हणजे गाडी नव्हे. आणि आज नेमकी गाडी म्हणजे गाडी होती.

आम्ही स्टँडवर पोचलो. अलिबागच्या गाडीभोवती घोळका. प्रवासी आपापल्या जागी बसलेले, काही खिडकीतून माना काढून बघतायत. आणि ड्रायव्हरच्या सीटवर, स्टिअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून, आरू. सुखरूप, कोरडी, अत्यंत गंभीर.

प्रणाली मटकन पायरीवरच बसली. रडायला वेळ नव्हता, कारण ड्रायव्हर समोर आला.

“ताई, पोर तुमची? मी चहाचे दोन घोट घ्यायला गेलो नि हिनं चार्ज घेतला! उचलायला गेलो तर अशी किंचाळली की लोकं माझ्याच अंगावर आली.”

“उचलू नका,” मी म्हटलं. जबरदस्तीनं ओढलं असतं तर ती तासभर शांत झाली नसती, आणि पुन्हा कधी गाडीत बसली असती की नाही कोण जाणे. ती हट्ट करत नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं. गाडी सुटण्याच्या तयारीत आहे असं माइकवरून सांगितलं, गाडी काही सुटली नाही, ड्रायव्हरचा पत्ता नाही. मग कुणीतरी बघायला नको?

प्रणालीनं हाका मारल्या. मी माझ्या खास नाकातल्या आवाजात घोषणा केली, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आरूने खाली उतरावे.” आरूनं माझ्याकडे असं बघितलं, की बाई, तुम्हाला हे अधिकार कुणी दिले? चटईवर ठीक होतं. इथं खरा माइक होता.

गाडीत पहिल्याच सीटवर मासळीची रिकामी पाटी मांडीवर घेतलेली एक म्हातारी बसली होती. ती कडाडली, “काय पोरगी हाय का कोन? एक धपाटा घाल ना गो आये! आमाला घरी नाय जायचा काय?”

प्रणाली उठली. मला वाटलं, म्हातारीशी भांडणार. ती तडक घोषणा करणाऱ्या कंट्रोलरच्या खिडकीशी गेली.

“साहेब, माइकवरून सांगा, गाडी सुटणार नाय. ती तुमचंच ऐकते.”

कंट्रोलर चष्मेवाले, काटेकोर गृहस्थ. “असं कसं सांगणार, बाई? गाडीची वेळ झाली आहे.”

“वेळ झाली हाय, बरोबर. पण ड्रायवरच्या सीटवर माझी पोर बसली हाय. ती उतरत नाय तवर गाडी सुटेल का?”

“नाही सुटणार.”

“मग तेच सांगा ना!”

कंट्रोलरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मुद्दा बरोबर आहे,” ते म्हणाले आणि माइक ओढला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अलिबागला जाणारी गाडी काही वेळ सुटणार नाही. प्रवाशांनी खाली उतरून घ्यावे.”

आरूनं स्टिअरिंग सोडलं. फ्रॉक नीट केला. उतरली, चालत जाऊन बाकावर बसली आणि हात मांडीवर ठेवले. मी आणि प्रणालीनं एकमेकींकडे बघून श्वास सोडला.

आणि तिच्यामागून अख्खी गाडी उतरली.

पिशव्या, बोचकी, एक लहानसा गणपती छातीशी धरलेला माणूस, झोपलेलं तान्हं, पाटीवाली म्हातारी, सगळे. ड्रायव्हर दारात आडवा होऊन ओरडत होता, “तुम्ही नाय हो! तुम्ही बसा! ते फक्त पोरीला होतं!” पण ऐकतो कोण? निम्मे लोक कंट्रोलरच्या खिडकीला भिडले.

“आता उतरा म्हनला ना? मग आता बसा कसा काय?”

“बिघाड हाय काय गाडीत? खरं सांगा!”

“वडखळच्या पुढं रस्ता बंद हाय म्हणे,” कुणीतरी बातमीही तयार केली.

कंट्रोलर हात जोडून समजावत होते आणि प्रणाली त्यांच्या शेजारी उभी राहून एकेकाची माफी मागत होती. या सगळ्या गदारोळात शांत असं एकच माणूस होतं, ते बाकावर बसलं होतं.

अखेर पुन्हा माइक वाजला. “अलिबागला जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.” आरू ताडकन उठून गाडीकडे निघाली. आता हिला अडवणं म्हणजे माइकचा शब्द खोटा पाडणं. तिचं गाव त्याच रस्त्याला होतं, मग अडवायचं तरी कशाला? मी तिच्यामागोमाग चढले. दुसऱ्या सीटवर ती खिडकीशी बसली, मी शेजारी. बाकीचे कुरकुरत चढले. प्रणाली अजून खिडकीशीच होती, कंट्रोलरना नमस्कार करत. उशीर झाला होता, कंडक्टरनं माणसं मोजली नाहीत, दोन घंटा मारल्या आणि गाडीनं धक्का घेतला.

मी ओरडणार, एवढ्यात शेजारून आवाज आला. नाकातून नव्हे. सुटा सुटाही नव्हे.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! आई राहिली!”

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. आरू सीटवर उभी राहून मागच्या काचेकडे बोट दाखवत होती. बोट! इतके महिने मी जे बोट मागत होते ते.

“आई राहिली,” ती पुन्हा म्हणाली, जरा हळू, जणू आपल्याशीच.

प्रणाली पदर खोचत धावत आली आणि चढली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. “सॉरी हां, सॉरी,” असं सगळ्यांना म्हणत ती आत आली, तर सगळी गाडी तिच्याकडे बघतेय. पाटीवाल्या म्हातारीनं तिचा हात धरला.

“अगो, तुज्या पोरीनं गाडी थांबवली. ‘आई रायली’ बोलली.”

प्रणालीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

“मी नाय ऐकलं,” ती म्हणाली.

ज्या शब्दासाठी तिनं इतकी वाट बघितली, तो सगळ्यांनी ऐकला आणि तिनं नाही. मला तर तिची नजर चुकवावीशी वाटली, जणू तिच्या घरचं पत्र मी आधी फोडलं होतं. पण वडखळ येईपर्यंत त्या गाडीनं तिला ते ऐकवलं. गणपतीवाल्यानं सांगितलं, मग कंडक्टरनं सांगितलं, ड्रायव्हरनं आरशातून बघत आपली बाजू सांगितली. म्हातारीनं तर तीनदा सांगितलं, आणि दर वेळी आरूचा आवाज अधिक मोठा होत गेला. प्रणाली आरूला मांडीवर घेऊन रडत होती, हसत होती आणि म्हणत होती, “पुन्हा सांगा ना.” आरू खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता; आई गाडीत होती.

फाट्यावर त्या उतरल्या, मीही उतरले. मला परत पेणला यायचं होतं, तेही अनवाणी. गाडी सुटताना म्हातारी खिडकीतून मला म्हणाली, “तू कोन गो तिची?”

“मी तिच्याशी खेळते,” मी म्हटलं.

सगळ्या गोष्टी अशा होत नाहीत, हेही लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आम्ही रोज पेढेच वाटतो. ‘पाच वर्षांपर्यंत वाट बघा, बोलेल’ असं कुणी तरी सांगितलेलं असतं आणि मूल येतं तेव्हा सोपी वर्षं निघून गेलेली असतात. काही घरं दमतात. कोलाडजवळच्या खांब गावचा एक मुलगा होता, लाटणं उभं करून त्याभोवती फिरायचा, माझ्या बांगड्या मोजायचा. भातलावणी आली, त्याचं येणं थांबलं, मग घर कुठं तरी गेलं. अजूनही कोलाडवरून जाणारी गाडी मिळाली की खांबला मी खिडकीतून बघते. आता तो मिसरूड फुटायच्या वयाचा असेल. समोर उभा राहिला तर मला ओळखू येणार नाही, पण बघते.

आरू आता शाळेत जाते. बोलते, मोजकं बोलते, कधी उलटसुलट. गर्दीत अजूनही कान झाकते. माइकवरच्या घोषणा मागं पडल्या. कधी फार घाबरली तर तेवढा खिसेकापू येतो. मागच्या उन्हाळ्यात प्रणालीनं मला घरी बोलावलं होतं, पापड करायला. म्हणजे करायला त्या शेजारणी होत्या, मी लाट्या खायला. ज्यांनी पापडाच्या पिठाची कच्ची लाटी तेलात बुडवून खाल्ली नाही त्यांना काय सांगणार?

ओटीवर पोळपाट मांडले होते. प्रणालीनं लाट्या करून ताटात रचल्या आणि पाणी आणायला आत गेली. परत आली तर ताटाची एक अख्खी बाजू मोकळी. शेजारी आरू उभी. ओठ, गाल, हनुवटी, सगळं तेलानं चकाकतंय. आजोबा पलीकडे अंगणात खाटेवर बसून जाळ्याचा जुना तुकडा शिवत होते.

“आरू, लाट्या कुणी खाल्ल्या?”

आरूनं आईकडे बघितलं. ताटाकडे बघितलं. मग अंगणाकडे बघितलं.

“आजोबानी.”

प्रणालीनं तोंडावर हात धरला. मी तिचा दंड धरला. शेजारणी आमच्याकडे बघत राहिल्या, की पोर धडधडीत खोटं बोलतेय आणि या दोघी अशा काय आनंदानं वेड्या झाल्यात? त्यांना कसं सांगावं? खोटं बोलायला आधी हे कळावं लागतं, की जे मला माहीत आहे ते आईला माहीत नाही. तिचं मन वेगळं, माझं मन वेगळं. कुणाचं नाव घेतलं तर खपेल, याचा हिशेब करावा लागतो. आरूसारख्या मुलांना ही चढण फार उभी असते, आणि ही पोर तेलकट तोंडानं तिथं जाऊन उभी होती.

“खोटं बोलली, मॅडम!” प्रणाली माझ्या कानात कुजबुजली. “एकदम नीट खोटं बोलली!”

“आता रागव,” मी म्हटलं. “नाहीतर शंका येईल तिला.”

पण तिला काही रागावता येईना. तिनं अंगणाकडे वळून, आवाज चढवून विचारलं, “काय हो बाबा? लाट्या तुम्ही खाल्ल्या?”

हसुराम आजोबांनी जाळ्यातून मान वर केली. त्यांच्या तोंडात आता एकही दात नाही. त्यांनी नातीचं तोंड बघितलं, सुनेचं बघितलं, माझं बघितलं.

“व्हय गो,” ते म्हणाले. “मीच खाल्ल्या.”

मग ते उठले, ओटीवर येऊन आरूपुढे हात पसरून उभे राहिले. “नाव झालाच हाय माजा, तं एक दे तरी.”

आरूनं ताटातली एक लाटी उचलली. तेलात बुडवली. दोन तुकडे केले, दोन्ही नीट निरखले, लहान तुकडा त्यांच्या हातावर ठेवला, आणि मोठा आपल्या तोंडात टाकला.